"पुढच्या गुरुवारी" म्हणजे आमच्या घरात "कधीच नाही" झालंय. हे कसं निस्तरू?

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका गावात राहते आणि पतसंस्थेत लेखनिक आहे. यजमान साखर कारखान्यात, शेती खात्याकडे. सध्या गळीत हंगाम चालू आहे, त्यामुळे ते ऊसतोडीच्या टोळ्यांमागे पहाटे सहाला बाहेर पडतात ते रात्री दहा-अकराला येतात. घरात सासूबाई, चौथीतली थोरली आणि साडेपाच वर्षांचा धाकटा. त्याला आम्ही चिकू म्हणतो.

प्रश्न विचारायच्या आधी कालचं सांगते. शेजारच्या सोन्याचा खेळण्यातला पिवळा जेसीबी गेले पंधरा दिवस आमच्याकडे आहे. काल संध्याकाळी सोन्या दारात येऊन उभा राहिला. "माझा जेसीबी दे." मी आत भाकरी थापत होते. चिकू अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "देतो की. पुढच्या गुरुवारी देतो." सोन्या म्हणाला, "पुढचा गुरुवार कधी असतो?" तर हा म्हणतो, "तो येत नसतो. मम्मीला विचार."

थोरली पोट धरून हसली. सासूबाई हसल्या. मलाही हसू आवरेना, तव्यावरची भाकरी करपून गेली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य परत आठवलं आणि झोप लागेना.

त्याचं असं आहे. चिकूचा पाचव्या वर्षाचा डीपीटी लसीचा बूस्टर राहिलाय. मे महिन्यात त्याला पाच पूर्ण झाली. त्याचं ते माता-बाल संरक्षण कार्ड फ्रीजच्या दारावर जेजुरीच्या खंडोबाच्या चुंबकाखाली लावून ठेवलंय. त्यातल्या सगळ्या चौकटींत तारखा आहेत, एक चौकट तेवढी रिकामी. रोज पहाटे दुधाचं पातेलं काढताना ती माझ्या डोळ्यासमोर येते. आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरण गुरुवारी असतं. दर बुधवारी रात्री मी म्हणते, उद्या जायचं. आणि गुरुवारी सकाळी म्हणते, पुढच्या गुरुवारी नक्की.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची होती. जुलैत पाऊस, केंद्र तीन किलोमीटरवर. मग थोरलीचे डोळे आले. मग गौरी-गणपती. मग सासूबाईंचे घट, लगेच सहामाही, लगेच दिवाळीचा फराळ. त्यानंतर चिकूला सर्दी झाली. ती जाऊन तीन आठवडे झालेत. यातलं एकही कारण खोटं नाही. पण सात महिने गेले हेही खरंच आहे.

मी कामाला मागं हटणारी बाई नाही हो. पाचला उठते, दोन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, पाणी भरणं, सगळं करून पावणेदहाला पतसंस्थेत असते. रोजकीर्द पुरी होऊन तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, जुळल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. मार्चअखेरीला चाळीस पैशांचा फरक येत होता, तो सापडेपर्यंत रात्री साडेनऊपर्यंत बसले होते. घरातली बाकीची कामंही राहिलेली आहेत. मोरीतली तोटी ठिबकते, खाली बादली लावलीय. कुकरची रिंग सैल झालीय. थोरलीच्या गणवेशाची काखेतली शिवण उसवलीय, तिथं सेफ्टी पिन आहे. ती कामं राहिली तरी मला झोप लागते.

म्हणून विचारते. ज्या कामाची सगळ्यात जास्त काळजी वाटते तेच हातून का होत नाही? आणि दुसरं, पोराच्या डोक्यात गुरुवारचा जो अर्थ बसलाय तो आता कसा बदलू? माझ्यावरून तो शिकला, याचं मला फार लागलंय.

---

सातबावन्नची_लोकल (शनिवार, सकाळी ८:२०)

ताई, तुमचा सोन्याचा किस्सा गाडीत वाचला आणि शेजारी बसलेल्या दोघींना मोठ्यानं वाचून दाखवला. अर्धा डबा हसला. "तो येत नसतो" हे आता आमच्या ग्रुपमध्ये रूढ होणार.

मी डोंबिवलीत राहते, दोन मुलगे. आमच्याकडे पोरांना लहान झालेल्या कपड्यांचं गाठोडं होतं. जुन्या चादरीत बांधून बेडरूमच्या दारामागं ठेवलेलं. दोन वर्षं. दार पूर्ण उघडायचंच नाही, आम्ही तिरके होऊन आत जायचो. दर रविवारी ठरायचं, आज गाठोडं सोडायचं. सोडलं की निवडायचं, निवडलं की धुवायचं, धुतलं की कुणाला द्यायचं ते शोधायचं, आणि मधेच एखादं झबलं हातात आलं की मी तिथंच बसणार. एवढं सगळं एकदम डोळ्यांसमोर यायचं आणि रविवार जायचा.

एके दिवशी मी फक्त ते गाठोडं उचलून बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवलं. सोडलं नाही, निवडलं नाही. दाराशी आल्यावर येता-जाता पायात यायला लागलं, आणि चार दिवसांत ते कामवाल्या मावशींच्या गावी पोचलं. गंमत पुढं आहे. त्या रात्री माझा धाकटा दारामागं जमिनीवर मांडी घालून बसलेला, डोळे भरलेले. "माझा सोफा कुठं गेला?" दोन वर्षं तो त्या गाठोड्यावर बसून चित्रांची पुस्तकं बघत होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता. शेवटी उशीच्या खोळीत जुन्या चादरी कोंबून त्याला नवा सोफा करून दिला.

तुम्हाला एवढंच सांगते. आत्ता उठा, ते कार्ड फ्रीजवरून काढा आणि पर्समध्ये ठेवा. आज तेवढंच. फ्रीजवर ते आता कॅलेंडरसारखं झालंय, दिसतं पण हलत नाही.

---

उपकेंद्रावरची_सिस्टर (शनिवार, दुपारी ३:०५)

ताई, मी विदर्भात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे लसी देणारी परिचारिका आहे, एकोणीस वर्षं झाली. पहिली गोष्ट, घाबरू नका. उशीर झाला आहे, पण वेळ टळलेली नाही. हा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत द्यायचा असतो, आणि राहिला तर सात वर्षांपर्यंत डीपीटी देता येतो. तुमचा मुलगा साडेपाचचा, म्हणजे अजून ठरलेल्या वयातच आहे.

तो का द्यायचा हेही सांगते, कारण बऱ्याच आया म्हणतात की लहानपणी इतके डोस झाले, आता आणखी कशाला. डीपीटी ही तीन रोगांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. बाळपणीचे तीन डोस आणि दीड वर्षाचा बूस्टर यांनी मिळालेलं संरक्षण हळूहळू कमी होत जातं. आणि नेमकं याच वयात लेकरू शाळेत जायला लागतं, एका बाकावर तिघं-चौघं बसतात, एकमेकांच्या तोंडाशी तोंड. घटसर्प आणि डांग्या खोकला दोन्ही खोकण्या-शिंकण्यातून पसरतात. म्हणून ही चौकट रिकामी ठेवायची नसते.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या लेकराची बाकी सगळी चौकट भरलेली आहे, वेळेवर. म्हणजे तुम्ही येणाऱ्या आई आहात. अशी आई एकदम यायची थांबते तेव्हा मी घरी जाऊन बसते आणि विचारते, आणि बहुतेक वेळा एखादी रात्र निघते. दीड वर्षाच्या डोसनंतर तुमच्याकडे काय झालं होतं?

---

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ११:१५)

सिस्टर, तुमचा प्रश्न दुपारी वाचला. तेव्हापासून मोबाईल तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

दीड वर्षाचा डोस नोव्हेंबरात झाला होता. असाच हंगाम चालू होता. दुपारी डोस दिला आणि संध्याकाळी मांडी लालभडक, टणक सुजली. रात्री ताप १०३. यजमान शिवारात कुठंतरी, फोन लागेना. सासूबाई कपाळावर पाण्याच्या घड्या बदलत होत्या आणि मी त्याला कडेवर घेऊन चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत फेऱ्या मारत होते. खाली ठेवलं की किंचाळायचा. घेतलं की खांद्यावर डोकं टाकून कण्हायचा. थोरली तेव्हा पाच-साडेपाचची, ती उठून बसली आणि म्हणाली, "मम्मी, बाळाला कोणी मारलं?" मी म्हणाले, "मीच नेलं होतं त्याला." ते माझ्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप उतरला, तिसऱ्या दिवशी तो अंगणात पळत होता. त्याला यातलं काही आठवत नाही. मला मात्र त्या कार्डाकडं बघितलं की ती रात्रच दिसते.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनाही नाही. त्यांना वाटतं मला सवड होत नाही. मलाही तसंच वाटत होतं. आणि आज लिहिताना ध्यानात आलं, आताही हंगामच चालू आहे. रात्री ते घरात नसणार म्हणून मी मनातल्या मनात मार्चची वाट बघत होते की काय, कोण जाणे.

---

उपकेंद्रावरची_सिस्टर (रविवार, सकाळी ७:३०)

लिहिलंत ते फार बरं केलं. "मीच नेलं होतं" हे मनातून काढा बाई. तुम्ही नेलं म्हणून तो आज घटसर्पाची भीती न बाळगता खेळतो आहे.

आता कामाचं. त्या वेळी झटके आले होते का? सलग तीन तासांहून जास्त, काही केल्या न थांबणारं रडणं होतं का? तुम्ही लिहिलं त्यावरून कडेवर घेतल्यावर तो शांत होत होता. तरीही केंद्रात गेल्यावर डोसच्या आधी ही सगळी हकीकत तिथल्या डॉक्टरांना सांगा, जशी इथं लिहिली तशीच. त्यांनी ऐकून घेऊन ठरवायचं असतं. सांगायला संकोच करू नका.

डीपीटीनं ताप येतो, सुई टोचल्या जागी दुखतं, सुजतं. बहुतेक लेकरांचं एक-दोन दिवसांत उतरतं. या खेपेला सुई मांडीत नाही, दंडात असते, म्हणजे चालायला अडचण नाही. डोस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच बसायचं, घाईनं निघायचं नाही. ती जागा चोळायची नाही. त्यावर हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. थंड पाण्याची घडी ठेवली तर चालते. तापाचं औषध वजनाप्रमाणे असतं, किती आणि किती तासांनी ते तिथंच विचारून कागदावर लिहून घ्या आणि बाटली आधीच घरात आणून ठेवा. रात्री अकरा वाजता बाटली शोधणारी आई अर्धी तिथंच खचते.

लेकराला "अजिबात दुखणार नाही" असं सांगू नका. दुखतं. "मुंगी चावल्यासारखं होईल आणि मी दहा म्हणेपर्यंत संपेल" असं सांगा. आडवं पाडून दाबून धरू नका, मांडीवर ताठ बसवून कवेत घ्या. फुंकायला काहीतरी द्या, पिपाणी, साबणाचे फुगे, काहीही. जोरात फुंकताना लेकराचं लक्ष आणि अंग दोन्ही जरा सैल पडतं.

आणि ताई, शुक्रवारची रजा टाका. रात्रभर जागायची वेळ आलीच तर सकाळी पतसंस्था आहे ही धास्ती तरी नको.

---

लातूरचा_मास्तर (रविवार, दुपारी १२:५०)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सिस्टरांनी एका प्रश्नात काढून घेतलं, मला त्यात फक्त थोडी भर घालायची आहे.

चालढकल म्हणजे आळस किंवा वेळेचं नियोजन नसणं, असं आपण धरून चालतो. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये एका लेखात वेगळी मांडणी केली. काम समोर आलं की त्यासोबत जी नकोशी भावना येते, भीती म्हणा, अपराधीपण म्हणा, तिच्यापासून माणूस आत्तापुरती सुटका करून घेतो. काम पुढं ढकललं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच सवय लावतं. तुमच्या गुरुवार सकाळच्या "पुढच्या गुरुवारी नक्की" मध्ये तोच क्षणभराचा सुटकारा आहे. तेरीज जुळवताना अशी कुठली भीती आड येत नाही, म्हणून ती जुळेपर्यंत तुम्ही उठत नाही.

माझ्या घरचं सांगतो. मुलगी सहावीत. तिची सायकल पंक्चर होऊन दीड महिना जिन्याखाली उभी होती. मी रोज म्हणायचो, आज नेतो. शेवटी ती माझ्यासमोर गल्ला घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, पंक्चर काढायला पैसे कमी पडत असतील तर माझ्यातले घ्या, मला घाई नाही, पण सायकलला वाईट वाटतंय." मी हसलो, तिला जवळ घेतलं, आणि मग नीट विचार केला. सायकल नीट झाली की ती एकटी रिंग रोड ओलांडून शिकवणीला जाणार होती. ते मला नको होतं. त्या दिवशी आम्ही दोघं चालत जाऊन तिचा रस्ता ठरवून आलो, कुठं उतरून सायकल हातात धरायची ते ठरवलं, आणि परत येताना पंक्चर काढून घेतलं. आधी रस्त्याचं बोललो नसतो तर सायकल अजून जिन्याखालीच असती.

एक उपाय करून बघा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं आहे. "गुरुवारी नेणार" एवढंच ठरवायचं नाही, अमुक झालं की तमुक करायचं, अशी गाठ आधीच मारून ठेवायची. तुमच्या बाबतीत: "गुरुवारी शाळा सुटली की घरी न येता शाळेच्या फाटकावरूनच थेट केंद्रावर." घरी आलात की पाणी, चहा, भांडी, आणि मग तो जुना सुटकारा वाट बघतच असतो. आणि यजमानांना ती रात्र सांगा. त्यांना ठाऊकच नसेल तर ते मदत कशी करणार?

---

गोदाकाठची_आजी (रविवार, सायंकाळी ६:१०)

बाळ, मी नाशिकची. एकतीस वर्षं बालवाडी चालवली, आता नातवंडं सांभाळते.

मास्तरांचं पटलं, पण सगळंच नाही. प्रत्येक राहिलेल्या कामामागं मनात खोल काहीतरी असतं असं नाही. मोरीची तोटी ठिबकते कारण नळवाल्याला बोलवायला, तो आल्यावर घरी थांबायला कुणी मोकळं नाही. शिवण उसवलेली राहते कारण रात्री दहाला बाईचे डोळे मिटतात. माझे पितळेचे डबे माळ्यावर आहेत, मुलीच्या लग्नापासून काढलेले नाहीत, त्यात माझं काहीही अडकलेलं नाही. एकाच बाईच्या अंगावर किती कामं टाकायची याला सुमार हवा. तोटीचं यजमानांना सांगा, हंगाम असला तरी फोन तर करता येतो. शिवण सासूबाई बसल्या बसल्या घालतील, सुईत दोरा ओवून हातात द्या आणि बघा, त्यांना बरंच वाटेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या जिव्हाळ्याचा. या वयाच्या मुलांना वारांची नावं तोंडपाठ असतात, सोमवार-मंगळवार गाणं म्हणून दाखवतात, पण आजपासून गुरुवार किती लांब आहे हे कळत नसतं. वार त्यांना घटनेवरून कळतो. ज्या वारी काही घडतं तो वार खरा. तुमच्या चिकूच्या गुरुवारी आजवर काही घडलंच नाही, म्हणून त्यानं आपल्या परीनं बरोबर हिशोब केला. त्यानं तुमची चेष्टा केली नाही हो, आणि तो बिघडलाही नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं सोन्याला सांगितलं.

तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचा हिशोब लिहिलेलं. त्यावर येत्या गुरुवारच्या चौकोनात त्याच्याच हातानं पिवळा जेसीबी काढून घ्या. दर रात्री झोपताना त्या दिवसाच्या चौकोनावर त्यानं रेघ मारायची. जेसीबी जवळ येताना त्याला दिसेल. आणि त्या गुरुवारी दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात, लस आणि सोन्याचा जेसीबी परत. एक जरी राहिली तर पुढं वर्षभर सांगत बसावं लागेल.

---

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री १०:३५)

मंडळी, झालं. लस झाली. सविस्तर लिहिते.

रविवारी रात्री यजमानांना सगळं सांगितलं. ते जेवत होते, घास हातात तसाच राहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या रात्री माझा फोन बंद होता हे मला माहीत आहे. तू एकटी होतीस हे माझ्या लक्षात नव्हतं." सोमवारी त्यांनी सहकाऱ्याशी बोलून गुरुवारची पाळी बदलून घेतली. आज साडेसातला घरी आले. हंगामात साडेसातला घरी आलेले मी त्यांना क्वचितच पाहिलेत.

कॅलेंडरवर चिकूनं जेसीबी काढला. तो एवढा मोठा झाला की बुधवार आणि शुक्रवार दोन्ही त्याच्या चाकाखाली गेले आणि बुधवारचं दूध दिसेनासं झालं. रोज रात्री रेघ मारायचा आणि विचारायचा, "आता किती उरले?" काल रात्री एकच चौकोन उरला तेव्हा म्हणाला, "मम्मी, आता हा आला नाही तर?" मी म्हणाले, येणार.

दुपारनंतर अर्धी रजा घेतली. शाळेच्या फाटकावरूनच केंद्रावर गेलो. सासूबाई परस्पर रिक्षानं तिथं आल्या होत्या, त्यांनी माझ्या आधी कागद काढून ठेवला होता. डॉक्टरांना त्या वेळचं सगळं सांगितलं. त्यांनी झटक्यांचं विचारलं, कार्ड बघितलं, ऐकून घेतलं आणि द्यायला हरकत नाही म्हणाले. औषधाचं प्रमाण त्यांनीच कार्डाच्या मागं लिहून दिलं.

यात्रेत घेतलेली लाल पिपाणी बरोबर नेली होती. चिकू माझ्या मांडीवर बसला, शर्टाची बाही वर, आणि पिपाणी इतक्या जोरात वाजवली की बाहेर रांगेत रडणारं तान्हं बाळ एकदम गप्प झालं. मी त्याच्या कानाशी आकडे म्हणत होते. माझेच हात थरथरत होते. सुई आत गेली तेव्हा पिपाणीचा सूर एकदा चिरकला, बस. सिस्टरनी कापूस लावला आणि म्हणाल्या, झालं. तर हा माझ्यावर चिडला, "अजून सातच झालेत! दहापर्यंत म्हण की." मग आम्ही सगळ्यांनी, सिस्टरांसकट, आठ-नऊ-दहा म्हटलं.

अर्धा तास बाकावर बसलो. त्यानं रिकामी चौकट कुठली ते विचारलं, सिस्टरनी त्याच्यासमोर तारीख घातली. ती त्यानं बोटानं चाचपून बघितली.

संध्याकाळी दंड दुखायला लागला, आठच्या सुमाराला ताप १००.६. लिहून दिलं होतं तसं औषध दिलं. यजमान त्याला घेऊन बसले होते. नऊ वाजता तो उठला आणि कॉटखालून जेसीबी काढला. मी म्हणाले, "अरे, रात्र झाली, अंगात कणकण आहे, उद्या सकाळी दे." म्हणाला, "नाही. आज गुरुवार आहे."

मी पुढं काही बोलले नाही. मोबाईलची बॅटरी लावून आम्ही दोघं सोन्याच्या घरी गेलो. सोन्या झोपला होता. त्याच्या आईच्या हातात जेसीबी दिला आणि परत आलो. येताना चिकूनं दुसऱ्या हातानं माझा पदर धरला होता.

आता तो झोपलाय, अंग कोमट आहे. यजमान जागे आहेत, मला झोप म्हणताहेत.

---

सातबावन्नची_लोकल (शुक्रवार, सकाळी ८:१५)

ताई, आज डबा हसला नाही, दोघी-तिघींनी डोळे पुसले. सोन्याला आमच्याकडून एक खाऊ द्या.

---

उपकेंद्रावरची_सिस्टर (शुक्रवार, दुपारी १:४०)

लई छान झालं. आज ताप किती आहे ते सांगा. आणि दंडाची सूज कोपरापर्यंत उतरत असेल किंवा ताप दोन दिवसांच्या वर गेला तर केंद्रात दाखवा. तुमची थोरली चौथीत ना? दहा वर्षांची झाली की तिचा टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा डोस असतो, तो विसरू नका.

---

कृष्णाकाठ (शुक्रवार, दुपारी २:०५)

सकाळी ९९.४ होता, आता उतरलाय. दंड जरा सुजलाय, पण सोन्याबरोबर अंगणात आहे, दोघं मिळून जेसीबीनं माझी तुळशीची माती उकरताहेत. थोरलीला दहा फेब्रुवारीत पूर्ण होतात. नव्या कॅलेंडरवर तिनं स्वतःच गुरुवार शोधून खूण केली. सासूबाई तिच्या गणवेशाची शिवण घालत बसल्यात. तोटीचा माणूस रविवारी येतो म्हणालाय.